यादी छापलीत, आता वाटही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला की अतिधोकादायक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींची म्हाडाची यादी जाहीर होते आणि आपण ती नेमाने छापता. यंदाचीही छापलीत. आमच्या गिरगावातल्या गल्लीत त्या दिवशी तो अंक घराघरांत फिरला, वाण्याकडे तर दिवसभर गल्ल्यावर उघडा पडून होता. यादी छापल्याबद्दल आपले मनापासून आभार. पण ती वाचून झाल्यावर माणसं काय करतात हे मी त्या दिवशी फार जवळून पाहिलं, आणि हे पत्र त्याबद्दल आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्यावं.

आमची इमारत यादीत नाही. समोरची आहे. दोन्ही १९४० च्या आधीच्या, म्हणजे म्हाडाच्या वर्गवारीत 'अ' गटातल्या. दोन्हींचा सांगाडा लाकडी, भिंती विटांच्या नि चुन्याच्या, मागच्या अंगाला मोऱ्या नि संडास एकावर एक. एकोणीस-वीसचा फरक. आमचे पहिल्या मजल्यावरचे काका यादीवरून बोट फिरवत म्हणाले, "आपलं नाव नाही. सुटलो! सरकारी इंजिनिअर उगाच कुणाला सोडत नाहीत." संध्याकाळी समोरच्या वहिनी भाजीवाल्यापाशी भेटल्या. त्या म्हणाल्या, "नावाचं काय घेऊन बसलात बाई, ते दरवर्षी येतं. वर येऊन बघितलंय कुणी? टेबलावर बसून करतात याद्या." यादी तीच, इंजिनिअरही तेच. ज्यांना ती सोयीची पडली त्यांनी डोळे मिटून मानली, ज्यांना अडचणीची पडली त्यांनी मोडीत काढली. आणि रात्री दोन्ही इमारतींतली माणसं सारखीच निवांत झोपली.

मी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. त्यामुळे हे ऐकताना मला २०११ साली प्रसिद्ध झालेला, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या टाली शॅरट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग आठवला. त्यांनी लोकांना विचारलं, अमुक आजार किंवा तमुक संकट तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता किती वाटते? उत्तर दिल्यावर खरी सरासरी दाखवली आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न विचारला. ज्यांनी आधी धोका जास्त धरला होता त्यांनी खरा आकडा कळताच आपला अंदाज झटकन खाली आणला. ज्यांनी कमी धरला होता त्यांनी तो जेमतेम हलवला. चांगली बातमी मनात पटकन मुरते, वाईट बातमी वरच्यावर राहते. आमच्या गल्लीत त्या दिवशी हेच चाललं होतं.

त्याच्याही कितीतरी आधी, १९८० मध्ये, नील वाइनस्टाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २५८ विद्यार्थ्यांना बऱ्यावाईट ४२ घटनांची यादी दिली होती. तुझ्या वर्गातल्या इतरांच्या तुलनेत तुझ्या बाबतीत हे घडण्याची शक्यता किती, एवढंच विचारलं. बहुतेकांच्या मते चांगलं आपल्या बाबतीत जास्त घडणार होतं, वाईट इतरांच्या बाबतीत. सगळेच सरासरीपेक्षा नशीबवान कसे असतील? याला अवास्तव आशावाद म्हणतात. हे शिकवताना मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटत असे आणि एकच प्रश्न विचारत असे: या वर्गातल्या इतरांच्या मानाने लोकलमधून पडण्याचा किंवा रूळ ओलांडताना अपघात होण्याचा तुझा धोका कमी, तेवढाच की जास्त? "कमी"चा ढीग दर वर्षी सर्वांत उंच असे. आणि त्यातली कितीतरी मुलं उशीर झाला की चर्नी रोडला दारात लटकून उतरणारी. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक होतं. माहिती असणं आणि ती स्वतःला लावून घेणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि इशारे देणारी सगळी यंत्रणा या अंतरातच कमी पडते असं माझं मत आहे.

आता आमच्याच इमारतीचं सांगते.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यालगत भिंतीला एक तडा आहे. भाडेकरूंच्या समितीने नेमलेल्या इंजिनिअरने त्या तड्यावर एक अरुंद काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि शेजारी मार्करने तारीख घातली. जुनीच पद्धत आहे ही. तडा नुसताच जुना असेल तर काच शाबूत राहते, भिंत सरकत असेल तर काच पिचते. तिला वीज लागत नाही, तिचं म्हणणं समजायला शिक्षणही लागत नाही. गणपती झाल्यावर एके सकाळी ती पट्टी मधोमध तिरकी तडकलेली दिसली.

जिन्यात दहाबारा जण जमलो. "पोरांचा बॉल लागला असणार." "विसर्जनाला ढोलताशा काय कमी होता? त्या हादऱ्यानं गेली." "काचच हलकी वापरली असेल." एकाने तर नवी पट्टी आणून लावण्याची तयारी दाखवली, म्हणजे प्रश्न मिटला! हे बोलणारी माणसं अडाणी नव्हती. एक बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, एकाची मुलगी आर्किटेक्ट. प्रत्येक कारण ऐकायला शहाणपणाचंच वाटत होतं. ज्या एका कारणासाठी ती काच तिथे लावली होती, तेवढं सोडून बाकी सगळी कारणं दहा मिनिटांत पुढे आली.

मी त्याच सकाळी इंजिनिअरला फोन केला. तो आला, त्याने पहिल्या मजल्यावरच्या मोरीलगतची तुळई हातोडीने वाजवून पाहिली. मधल्या भागात टणक आवाज आला, भिंतीजवळ भदभदीत. मग त्याने तुळई भिंतीत शिरते तिथला गिलावा खरवडला आणि साधा स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओला, काळसर भुसा आला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमच्याकडे वर्षानुवर्षं एक वाक्य ऐकू येतं: "बर्मा टीक आहे, शंभर वर्षं काही होत नाही." साग चिवट असतो हे खरंच आहे. पण तुळईचं जे टोक भिंतीत पुरलेलं असतं ते मोरीच्या गळतीने सतत ओलं राहिलं तर सागही आतून कुजतो. तो कुजतो तिथे आपली नजर पोचत नाही, आपल्याला दिसतो तो खोलीतला पॉलिश केलेला भाग. त्यात लाकडी तक्तपोशीवर लोकांनी कोबा करून लाद्या बसवल्या, पोटमाळे काढले, पोटमाळ्यांवर टाक्या चढवल्या. पाचशे लिटरची टाकी भरली म्हणजे अर्धा टन वजन झालं. इमारत बांधणाऱ्याने तांब्यापितळेची भांडी, पाट नि गाद्या यांचा हिशेब केला होता.

याच्या जोडीला दुसरं वाक्य: "आपल्या इमारतीनं २६ जुलै झेलली, तौक्ते झेललं, आता काय व्हायचंय?" यातलं पहिलं तर मुळात खरं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ च्या आसपासच. आम्हा गिरगावकरांच्या वाट्याला तो पाऊस आलाच नाही, तरी त्या परीक्षेत पास झाल्याचं प्रमाणपत्र आम्ही इमारतीला देऊन टाकलं. १७ मे २०२१ चं तौक्ते वादळही मुंबईच्या बाजूने समुद्रातून गेलं आणि गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले, हे मान्य. पण इमारतीने एक मार सोसला म्हणजे ती पुढच्यासाठी पक्की झाली, हे गणित कुठलं? जो मार सोसला तो तिच्या अंगात राहतो.

रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्स्ली यांनी अमेरिकेत चक्रीवादळांच्या संदर्भात याचाच अभ्यास केला. आधीच्या वादळात घराला काही झालं नाही एवढंच सांगितलं तर लोक पुढच्या वादळाला कमी भितात आणि तयारीही कमी करतात. पण तीच गोष्ट "थोडक्यात वाचलात, झाड तुमच्या दारात पडलं" अशी सांगितली तर ते सावध होतात. म्हणून माझी सर्व जुन्या इमारतींतल्या रहिवाशांना कळकळीची विनंती आहे. छज्ज्याचा तुकडा पडला आणि खाली कुणी नव्हतं, तर "काही झालं नाही" असं घरी जाऊन सांगू नका. "खाली कुणी असतं तर मेलं असतं" असं सांगा. मुलांदेखत सांगा.

कारण जे घडतं ते आपल्याच शहरात घडतं. २७ सप्टेंबर २०१३ ला माझगावात बाबू गेनू मार्केटची इमारत पहाटे कोसळली, ६१ माणसं गेली. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, तीसहून अधिक मृत्यू. ती इमारत धोकादायक ठरलेली होती, पुनर्विकासात होती, तिथली काही कुटुंबं आधीच दुसरीकडे हलली होती आणि बाकीची राहत होती. एकाच जिन्यावरची माणसं, कागद सगळ्यांसाठी सारखाच. जून २०२२ मध्ये कुर्ल्याच्या नाईक नगरमध्ये रात्री इमारत पडून १९ जण गेले. तिलाही आधी नोटिसा गेल्या होत्या. म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" असं यांतल्या कितीजणांना म्हणता आलं असतं?

अशा घटनेनंतर आपल्या पानावर आणि चॅनेलवर दोन प्रकारचे सूर लागतात. एक म्हणतो, लोक मूर्ख आणि हावरे, जागेपायी जीव देतात. दुसरा म्हणतो, मुंबईचं स्पिरिट बघा, दुसऱ्या दिवशी लोक कामावर. दोन्ही ऐकून मला मनस्वी त्रास होतो. कामावर जाणं भाग असतं म्हणून माणूस जातो, त्याचं कौतुक करून आपण त्याला पुन्हा त्याच जिन्याने वर पाठवतो. आणि समोरच्या वहिनींना मी मूर्ख तर मुळीच म्हणणार नाही. त्यांचं सगळं मला ठाऊक आहे. पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेहक्क घेतलेली खोली, महिन्याचं भाडं काही शे रुपये. मुलगी इथल्याच शाळेत नववीत. यजमानांची नोकरी भुलेश्वरच्या दुकानात, सकाळी चालत जातात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना जायला सांगायचं म्हणजे कुठे? प्रतीक्षानगर, कन्नमवारनगर, मालवणी इथल्या संक्रमण शिबिरांत, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत. संक्रमण शिबिरात काही वर्षांसाठी म्हणून गेलेली आणि तिथेच मुलांची लग्नं केलेली कुटुंबं गिरगाव-परळमध्ये प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यामुळे "एकदा गेलो की गेलोच" ही भीती पोकळ नाही. समोर एका बाजूला इमारत पडण्याची भीती, दुसऱ्या बाजूला घर कायमचं जाण्याची. इमारत पडेल कदाचित, घर मात्र नक्की जाणार असं ज्याला वाटतं, त्याला परवडणारा विचार एकच उरतो: काही होणार नाही. मनाला आशेकडे झुकण्याची खोड आहेच, आपण तिला दुसरी वाटच ठेवत नाही.

इथे मला येल विद्यापीठातला एक जुना प्रयोग फार मोलाचा वाटतो. १९६५ मध्ये हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्या असं सांगणाऱ्या पुस्तिका वाटल्या. काही पुस्तिका सौम्य होत्या, काहींत अंगावर काटा येईल अशी वर्णनं नि चित्रं. घाबरलेली मुलं म्हणाली, हो, लस घ्यायलाच हवी. पण प्रत्यक्ष गेली किती? नुसती पुस्तिका मिळालेल्यांपैकी जवळपास ३ टक्के. मग काहींना पुस्तिकेसोबत विद्यापीठाचा नकाशा दिला, दवाखान्यावर खूण केली आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते ठरवायला सांगितलं. त्यांच्यातले २८ टक्के गेले. पुस्तिका किती भीतीदायक होती याने लस घेणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. ती मुलं तिथेच शिकत होती, दवाखाना कुठे आहे हे त्यांना माहीत नसेल असं नाही. तरी नकाशाने काम केलं.

आणि हे प्रयोगशाळेपुरतं नाही. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना हलवलं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात तिथल्या माणसांचा स्वभाव बदलला असं मला वाटत नाही. किनाऱ्यावर पक्के निवारे उभे राहिले, गावातल्याच ओळखीच्या स्वयंसेवकाने दारावर येऊन सांगायचं ठरलं, दरवर्षी सराव झाला. कुठे जायचं, कुणाबरोबर जायचं, हे आधी माहीत असलं की माणूस वादळाची बातमी ऐकून घ्यायला तयार होतो.

तुळईखाली टेकू लागल्यानंतर आम्ही आमच्या इमारतीत हेच करायचं ठरवलं, आणि सुरुवात मुद्दाम धोक्यापासून केली नाही. आधी हक्काची भीती घालवली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे की इमारत पडली किंवा पाडली तरी भाडेकरूचा भाडेहक्क त्यामुळे संपत नाही. तो आम्ही एका वकिलांकडून सोप्या मराठीत समजून घेतला आणि तळमजल्याच्या पडवीत सगळ्यांसमोर वाचला. मग टेप घेऊन प्रत्येक खोली मोजली. भाडेकरूचं नाव, खोली क्रमांक, चटई क्षेत्र, खोलीचे फोटो, भाडेपावत्यांच्या प्रती, शेजाऱ्यांच्या सह्या. प्रत्येक कुटुंबाचा एक संच इमारतीबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवला. मगच दुसरा कागद केला, प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवण्याचा.

त्या कागदावर लिहिलं आहे की माती किंवा खडी झडण्याचा आवाज आला, नीट लागणारं दार अचानक अडकायला लागलं, जमीन एका बाजूला दबली किंवा तडा रातोरात रुंदावला, तर कुणाला न विचारता घराबाहेर पडायचं. कोणत्या जिन्याने, तेही लिहिलं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट कोणी दोघांनी उतरवायचं त्यांची नावं आहेत, त्या दोघांपैकी कुणी गावी असेल तर तिसऱ्याचं. गॅस बंद कोणी करायचा, जमायचं कुठे, महापालिकेच्या १९१६ या आपत्कालीन क्रमांकाला फोन कोणी करायचा. आणि पहिल्या चार रात्री कोणतं कुटुंब कुणाकडे राहणार: डोंबिवलीची बहीण, दहिसरचा मुलगा, ज्यांचं कुणी नाही ते ठाकूरद्वारच्या एका मंडळाच्या हॉलमध्ये, हे त्या त्या लोकांशी बोलून घेतलेलं. प्रत्येक मजल्यावर खिळ्याला एक शिट्टी टांगली आहे.

शिट्टीचा आग्रह माझा होता. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी एका खोलीत माणसांना फॉर्म भरायला बसवून भिंतीतल्या फटीतून धूर सोडला होता. माणूस एकटा असला तर चारपैकी तिघे उठून सांगायला गेले. सोबत धूर बघूनही ढिम्म बसणारी दोन माणसं पेरली, तर दहांतला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले. आमच्या जिन्यात काचेच्या पट्टीसमोर जमलेल्या आम्हा दहाबारा जणांत तेच होत होतं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. म्हणून ठरवून ठेवलं की जो पहिला ऐकेल त्याने वाजवायची, खोटी निघाली तरी त्याला कुणी बोल लावायचा नाही. डोंबिवलीत कोपर भागात ऑक्टोबर २०२० मध्ये पहाटे चारच्या सुमाराला जागा असलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलाने स्वयंपाकघराचा भाग ढासळताना पाहिला आणि सगळ्यांना उठवलं. इमारत पडली, पण सुमारे पंचाहत्तर माणसं खाली उभी होती. त्या मुलाने कुणाच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं नाही, एवढंच केलं.

या सगळ्याचा परिणाम मी अपेक्षिला होता त्याहून वेगळा झाला. मला वाटलं होतं लोक कागद लावतील आणि विसरतील. झालं असं की कागद लागल्यावर माणसं धोक्याबद्दल बोलायला लागली. "सुटलो" म्हणणारे काका पुढच्याच रविवारी विजेरी घेऊन आले, "बाई, आमच्या कपाटामागे एक भेग आहे, दाखवायची होती." कपाट सरकवलं तर भेग चांगली हातभर होती आणि जुनी होती, तिच्यावर कधीतरी कॅलेंडरचा कागद चिकटवलेला. इतकी वर्षं ती त्यांना माहीत होती. आपण कुठे जाणार आणि आपली खोली कागदावर नोंदली आहे हे कळल्यावर त्यांनी ती दाखवली. आता पूर्ण इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, चालू आहे, आणि त्याचा निकाल वाईट आला तर बाहेर पडायचं, असं सर्वांनी सही करून ठरवलं आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट करून घेणं महापालिकेच्या कायद्यात कलम ३५३-ब खाली आहेच. पण आमच्याकडे ते कलमाच्या धाकाने होत नव्हतं.

समोरच्या इमारतीतही आता खोल्या मोजायचं काम सुरू झालं आहे. वहिनींनीच टेप मागून नेली.

संपादक महोदय, म्हणून आपल्याला काही मागणं आहे. यादी छापताना नुसतं इमारतीचं नाव नि पत्ता देऊ नका. ती किती वर्षं यादीत आहे, आज तिच्यात किती कुटुंबं राहतात, त्यांना कोणत्या शिबिरात जागा देऊ केली आहे आणि परत येण्याबद्दल त्यांच्या हातात कोणाच्या सहीचा कोणता कागद पडला आहे, हे संबंधित अधिकाऱ्यांना विचारून त्याच रकान्यात द्या. उत्तर मिळालं नाही तर तो रकाना रिकामा छापा. आणि हे जूनमध्ये न करता दिवाळीनंतर करा. पाऊस डोक्यावर आल्यावर शाळा सुरू झालेल्या असतात, भाड्याच्या खोल्या मिळत नाहीत, हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही. डिसेंबरात छापलेली यादी लोकांना हालचाल करायला पाच महिने देते.

आणखी एक. रिकामी केलेली इमारत पडली आणि कुणी दगावलं नाही, की आतल्या पानावर चार ओळी येतात. ती बातमी पहिल्या पानावर घ्या. ती माणसं कधी बाहेर पडली, कुणी समजावलं, कुठे राहिली, मुलांच्या शाळेचं काय केलं, हे त्यांना विचारून छापा. ढिगाऱ्याचे फोटो आमच्या लोकांनी इतके पाहिले आहेत की ते दुसऱ्याचं नशीब म्हणून पान उलटतात. आपल्यासारखंच पागडीतलं एक कुटुंब वेळेवर बाहेर पडलं आणि त्याचा हक्कही शाबूत राहिला, हे वाचलं तर समोरच्या वहिनी तो अंक जपून ठेवतील याची मला खात्री आहे.

सोबत आमच्या दारांवरच्या कागदाची कोरी प्रत जोडली आहे. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. पानावर जागा असेल तर तो तसाच्या तसा छापावा, म्हणजे कुणालाही कापून घेऊन भरता येईल.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, गिरगाव
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळा दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)